किती मावतं

बांबोळीला डॉक्टर लवंद्यांनी फिल्म उजेडावर धरली.
कवटीची पांढरी कड, आत राखाडी घड्या,
आणि कड आणि घड्या यांच्यामध्ये काळं.
बोटभरही नसेल,
पण तुमच्या वयाला चालतं त्याहून जास्त.
'मेंदूचं आकारमान कमी झालंय,' ते म्हणाले,
आणि पेनाच्या टोकानं खोल आतली एक जागा दाखवली,
समुद्रघोड्याच्या नावाची.
नवी आठवण आधी तिथं उतरते.
तीच सगळ्यात जास्त सुकलेली.

'मग हयसर रिकामा?' तुम्ही विचारलंत.
'रिकामं नाही. तिथं पाणी भरलंय.'

तुम्ही, दाजी मेस्त,
देवबागच्या काठावर चाळीस वर्षं होड्या बांधलेले,
कागदावर एक रेघ न ओढता
उंडीची फळी थोपटून सांगायचात,
हिच्यात तीस मण बांगडा, वर चार माणसं.
तुम्ही खिशातली घडीची पट्टी उलगडलीत,
फिल्मवरच्या काळ्याला लावलीत
आणि डॉक्टरना समजावलंत, कामावरच्या पोराला समजवावं तसं:
'पाणी इला म्हणजे खंय तरी फट आसा.
कापूस भरूक व्हयो.'
लवंदे हसले नाहीत.
त्यासाठी मी त्यांना कायम मानीन.

बांदा सोडल्यावर विचारलंत, तेचा नाव काय सांगल्यान?
समुद्रघोडा.
कुडाळला चहाच्या टपरीवर परत.
कट्ट्याच्या वळणावर परत.
मग बराच वेळ नुसती खिडकी,
आणि एकदम:
'जाळ्यात गावलेलो एकदा. तुझ्या कंपासपेटीत होतो.'
खरं होतं, दाजी.
सातवीभर माझ्या गणिताच्या वहीला वाळक्या मासळीचा वास,
कर्कटकाच्या शेजारी तो वाकडा, हलका जीव.
तो राहिला.
सकाळची पेज राहिली नाही.

त्या रात्री माळ्यावरून गोटा काढला,
पाणी आटून आतल्या आत सुटलेला,
आणि कानाशी धरून हलवला.
खुळखुळला.
मला माझीच लाज वाटली.
ठेवून दिला परत, हळू, अंधारातच.

फोनवर मी डॉक्टरना धंद्यातला प्रश्न केला:
इतकं आटलं म्हणजे किती विसरणार?
ते म्हणाले, असा दर नसतो.
कुणाचं एवढंच आटतं आणि तो पत्ते पिसून खेळतो,
कुणाचं थोडंच, आणि घरची वाट हरवते.
कुणाकडे शिल्लक जास्त असते, शिकलेली, वापरलेली,
ती आधी खर्च होते, म्हणून उशिरा कळतं.
माप खोटं नसतं,
पण मापात माणूस मावत नाही.

पलीकडची रुजाय फर्नांडिस ठेचकाळून पडली
तेव्हा तिच्याही डोक्याचा फोटो काढला होता.
तिच्यात काळं तुमच्याहून अधिक, म्हणे.
अठ्ठ्याऐंशीची ती अजून अकरा होड्यांचा हिशेब
बोटांच्या पेरांवर ठेवते
आणि मला पाच रुपये कमी दिले तर हाक मारून परत बोलावते.
मी तिच्याकडे हेव्यानं बघते.
हेही लिहायला हवं.

छपराखाली तुमची शेवटची होडी अर्धी उभी आहे.
रोज चारला तुम्ही तिच्याकडे जाता.
आज विचारलंत, 'ही व्हडी कोणाची गे?'
तुमचीच.
'किती मावता हिच्यात?'
मी फेकलं, तीस मण.
तुम्ही आत हात घातलात,
बरगडीवरून बरगडीवर, आंधळ्यासारखा, सावकाश,
जिथं फळीला फळी मिळते तिथं थांबत.
'सव्वीस. फळी जाड मारलंय मी.'

मी खडूनं आतल्या बाजूला सव्वीस लिहिलं.
तुम्ही आकडा वाचलात
आणि विचारलंत, ह्या कोणी लिवल्यान,
अक्षर चांगला आसा.